‘थंडर चोरणं’ला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

तळघर
परवा आमच्याकडे मावसबहिणीचा साखरपुडा होता. अंगठ्या घालून झाल्या, फोटोवाला तिला म्हणाला ताई हात असाच पुढे धरा अंगठीचा क्लोजअप घेतो, आणि तेवढ्यात आमच्या थोरल्या बंधूंनी माईक उचलला. तो माईक गुरुजींसाठी लावलेला. म्हणे सगळे जमलेच आहात तर सांगून टाकतो, आमचं कॅनडाचं पीआर, म्हणजे तिथे कायम राहायची परवानगी, आलं. झालं. सगळी वरात ह्याच्याकडे. आत्या साखरपुड्याचे पेढे वाटत फिरत होती, तिने त्याच बॉक्समधला पेढा काढून ह्याच्या तोंडात कोंबला. फोटोवालाही वळला. बहीण तशीच हात पुढे धरून खुर्चीत बसलेली.

माझा भाचा नववीत आहे इंग्लिश मीडियमला, तो हळूच म्हणाला, मामा ही स्टोल हर थंडर, म्हणजे तिच्या कौतुकाचा क्षण ह्याने पळवला. मी म्हटलं मराठीत सांग. त्याला येईना हे ठीक आहे, पण मलाही येईना. तेव्हापासून डोक्यात किडा.

मग हे आलं कुठून ते वाचलं. लंडनमध्ये जॉन डेनिस म्हणून एक होता, नाटककार कमी टीकाकार जास्त, आणि भयंकर तापट. १७०९ साली त्याचं ‘अ‍ॅपियस अँड व्हर्जिनिया’ हे नाटक ड्रुरी लेन थिएटरात लागलं. रोमन गोष्ट, बाप पोरीची अब्रू वाचवायला तिलाच मारतो असा सगळा मामला. त्यासाठी डेनिसने ढग गडगडल्याचा आवाज काढायची नवी युक्ती शोधली. नाटक पडलं पण आवाज थिएटरवाल्यांना आवडला. पुढे डेनिस तिथेच मॅकबेथ बघायला बसला होता, ढग गडगडले, आणि हा ताडकन उठून ओरडला की हा माझा गडगडाट आहे, हे बदमाश माझं नाटक चालू देत नाहीत आणि माझा गडगडाट चोरतात!

तर मंडळी, एका वाक्यात मराठी प्रतिशब्द सुचवा. ‘श्रेय लाटणे’ नको, ते पेपरातलं वाटतं. आणि बंधूंनी कसलं श्रेय लाटलं, त्याचं पीआर त्याचंच होतं की.

मोरपीस
भाव खाणे. संपला धागा.

साबुदाणा
भाव खाणे म्हणजे मिजास करणे पण होतं ना? ‘जास्त भाव खाऊ नको’ असं म्हणतो तेव्हा समोरच्याने कोणाचं काही नेलेलं नसतं.

मोरपीस
‘भाव खाऊन गेला’ म्हटलं की होतं बरोबर. त्या ‘गेला’त सगळं आहे. दुसऱ्याचा होता आणि हा घेऊन गेला.

सातारी ठेचा
आमच्याकडं एकच म्हण, आंधळं दळतंय कुत्रं पीठ खातंय. मागच्या साली गावचा रस्ता झाला. दोन किलोमीटरचा रस्ता आन पाच फ्लेक्स. ‘यांच्या अथक प्रयत्नातून’ म्हणून ह्या गटाचा एक, मग ‘यांच्याच अथक प्रयत्नातून’ म्हणून त्या गटाचा. त्यो ‘च’ बघा नुसता. अर्ज लिहून लिहून ज्या मास्तरांची निम्मी पेन्शन झेरॉक्समधी गेली त्यांचं नाव कुठंच न्हाई, मास्तर आपले त्याच रस्त्यानं सकाळी चालायला जात्यात आन फ्लेक्स वाचत्यात.

तळघर
@सातारी ठेचा तो ‘च’ लय भारी. पण ही म्हण क्रेडिटची झाली. साखरपुड्याच्या केसला लागू नाही, तिथे दळलं कोणीच नव्हतं. ‘आयत्या बिळावर नागोबा’चंही तेच.

विंगेतून
धागा वाचून राहवलं नाही. माझं थंडर शब्दशः चोरलं गेलंय. अलंकारिक नाही, खरंखुरं.

कॉलेजच्या एकांकिकेत पाऊस, वारा, वीज सगळं मी होतो. म्हणजे पत्रा माझ्याकडे होता. पत्रा साधारण दाराएवढा, पातळ गेजचा, वरच्या कडेला दोन भोकं पाडून विंगेत आडव्या बांबूला टांगलेला आणि खालच्या कडेला धरायला लाकडी पट्टी ठोकलेली. नुसता गदागदा हलवला की भंगारवाला आल्यासारखा आवाज येतो. त्याला खालून एक संथ लाट द्यायची, ती वर पोचायच्या आत दुसरी सोडायची, मग लांबून ढग आल्यासारखा वाटतो, आणि शेवटी एकच झटका देऊन पट्टी पोटाशी घट्ट दाबायची म्हणजे आवाज तुटतो. न दाबता सोडला तर पुढचं वाक्य ऐकूच येत नाही आणि नट विंगेत येऊन शिव्या घालतो. हे सगळं मला शिकायला तीन आठवडे आणि एक अंगठा लागला (पत्रा कापतो, हातमोजे घाला).

बक्षीस समारंभात परीक्षक म्हणाले, शेवटच्या प्रवेशातला गडगडाट अंगावर आला. आणि पार्श्वसंगीताचं बक्षीस घ्यायला गेला कोण तर जो लॅपटॉपवर बासरी लावायचा तो. दोन ट्रॅक, दोन वेळा स्पेसबार. गेला, वाकून नमस्कार केला, चषक घेतला. मी खाली पट्टी बांधलेला अंगठा घेऊन टाळ्या वाजवत होतो, त्याही धड वाजेनात.

तेव्हा डेनिसबुवांना माझा फुल सपोर्ट. मी उठून ओरडलो नाही एवढंच.

मोरपीस
अरे देवा 😂 ‘त्याही धड वाजेनात’

साबुदाणा
बॅकस्टेजवाल्यांचं दुःख कोणीच लिहीत नाही. लिहिलंत बरं झालं.

जुनी वही
धागाकर्त्यांनी सांगितलेला किस्सा सगळीकडे असाच सांगतात पण त्यात जरा पेच आहे. मॅकबेथ आणि ‘माझं नाटक चालू देत नाहीत’ हे वाक्य १७५३ साली छापलेल्या इंग्रज कवींच्या चरित्रसंग्रहात सापडतं. डेनिस वारला १७३४ च्या जानेवारीत. म्हणजे हे तो गेल्यावर जवळजवळ वीस वर्षांनी छापलेलं आहे.

त्याच्या हयातीत छापलेला पुरावा वेगळा आहे, आणि तो दिलाय त्याच्या जानी दुश्मनाने, कवी अलेक्झांडर पोपने. पोपने ‘डन्सियाड’ नावाचं एक लांबलचक टिंगलकाव्य लिहिलं, समकालीन लेखकांना एकेक करून सोलून काढणारं, आणि १७२९ च्या आवृत्तीत त्याला खाली टिपा जोडल्या. त्यातली एक टीप ह्या गडगडाटावर आहे. तो म्हणतो की पूर्वी गडगडाट आणि मोहरी एकाच पद्धतीने करायचे, म्हणजे मोहरी वाटायच्या भांड्यात गोळे फिरवून. आता मात्र अडसर बसवलेल्या लाकडी पन्हळ्यांमधून जास्त चांगला होतो. ही सुधारणा डेनिसची की नाही ते मला माहीत नाही, पण एका नव्या लेखकाच्या शोकांतिकेला तो बसला असताना गडगडाट ऐकून भडकला आणि हा माझा गडगडाट म्हणून ओरडला हे नक्की.

बघा, ‘नव्या लेखकाची शोकांतिका’. मॅकबेथ तेव्हा शंभर वर्षं जुनं झालेलं. म्हणजे पोपच्या टिपेत मॅकबेथ नाहीच, आणि युक्ती डेनिसची होती ह्याचीही खात्री तो देत नाही. ओरडला एवढंच नक्की.

तळघर
आयला. म्हणजे ज्याचं थंडर चोरलं म्हणून जगभर वाक्प्रचार झाला ते त्याचंच होतं का हेच पक्कं नाही?

जुनी वही
पोप म्हणतो म्हणून लगेच पक्कं किंवा कच्चं धरू नका. दोघांचं हाडवैर होतं. १७११ मध्ये पोपने टीकेवरच्या एका कवितेत ‘अ‍ॅपियस’ नावाने डेनिसला चिमटा काढला, की ह्याला शब्द बोलायची खोटी, लालबुंद होऊन डोळे वटारतो. नाव मुद्दाम त्याच पडलेल्या नाटकातलं. डेनिसने उलट पत्रक काढलं आणि पोपच्या पाठीच्या कुबडावर घसरला. तिथून पुढे वीस वर्षं चालू. अशा माणसाने ‘ते मला माहीत नाही’ म्हणणं हेच एक थंडर चोरणं आहे खरं तर. श्रेय काढूनही घेतलं आणि हात वर.

शेवट मात्र मला आवडतो. डेनिस म्हातारपणी आंधळा व्हायला आला, कफल्लक झाला, तेव्हा १७३३ च्या डिसेंबरमध्ये त्याच्या मदतीसाठी हेमार्केटला एक खेळ लावला, आणि त्याची नांदी, म्हणजे प्रोलॉग, कोणी लिहिला तर पोपने. त्यातही टोमणे आहेतच. पंधरवडा-तीन आठवड्यांत डेनिस गेला.

साबुदाणा
मला त्या मोहरीच्या भांड्यावरून पुढे जाता येईना. आपल्याकडे मोहरी तडतडते, त्यांच्याकडे गडगडायची 😄

कांदेनवमी
@साबुदाणा हसू नका, माझ्या आजोळी मोठा दगडी खल होता, त्यात लोखंडी बत्ता नुसता कडेनं गोल फिरवला तरी माडीवर आवाज यायचा आणि आजोबा खाली बघायला यायचे की पाऊस आला का. अंगणात वाळवण असायचं ना.

लंडनचा पाऊस
(नाव लंडन पण राहतो ब्रिस्टलजवळ.) जुनी वही म्हणतात त्या लाकडी पन्हळ्या बघायच्या असतील तर इथे ब्रिस्टल ओल्ड व्हिक थिएटरात आहेत. थिएटर १७६६ चं. छताच्या वरच्या पोकळीत लाकडी पन्हळी उतरत्या बसवलेल्या, त्यातून जड गोळे सोडायचे, ते गडगडत खाली येतात आणि आवाज प्रेक्षकांच्या डोक्यावरून जातो. त्याला थंडर रन म्हणतात. पत्रा बाजूने येतो, हा वरून येतो, हा फरक. विंगेतून, तुम्ही इकडे आलात तर सांगा, बघायला जाऊ. अंगठा सेफ.

विंगेतून
वरून!! आमचा सगळा ढग विंगेतून यायचा, म्हणजे डावीकडच्या रांगेला वादळ आणि उजवीकडच्यांना दळप.

अर्धवटराव नाही
ऑफिसचा अनुभव सांगू का. रात्री दोनला मी बग शोधला, मी फिक्स केला, सकाळच्या कॉलवर साहेब म्हणाले ‘वी फिगर्ड इट आऊट’. ह्या ‘वी’ ला मराठीत काय म्हणायचं ते आधी सांगा.

सातारी ठेचा
आमी. नेत्याचा आमी.

मोरपीस
आयजीच्या जिवावर बायजी उदार.

जुनी वही
अवांतर: ते ‘वी’चं दुखणं डेनिसलाही असणार, कारण पैशाचाही प्रश्न होता. त्या काळी लंडनात लेखकाला मानधन म्हणजे तिसऱ्या प्रयोगाचा गल्ला, मग नाटक चाललं तर सहाव्याचा, नवव्याचा. डेनिसचं नाटक चार प्रयोगांत बंद पडलं. म्हणजे एका रात्रीचं उत्पन्न फक्त. गडगडाट मात्र थिएटरच्या मालकीचा होऊन बसला, तो पुढे कितीही रात्री वाजला तरी ह्याला त्याचे शून्य पैसे. मला वाटतं ओरडण्यात अहंकार होता तसा हिशोबही होता.

तळघर
हे कोणीच सांगत नाही. सगळे त्याला चक्रम म्हणून हसतात.

आणि तो पिटात बसून ओरडला म्हणतात, ते आपल्या पिटासारखंच का? शिट्ट्या मारणारं पब्लिक?

जुनी वही
नाही, उलटं. तिथे पिटात बाकं असायची आणि टीकाकार, लेखक, स्वतःला जाणकार समजणारे शहाणे तिथे बसायचे. स्वस्तातली मंडळी वर गॅलरीत. म्हणजे हा ओरडला तो नेमका आपल्याच धंद्यातल्या लोकांच्या मध्ये उभा राहून. दुसऱ्या दिवशी कॉफीहाऊसात काय झालं असेल विचार करा.

काळा कोट
आमच्या क्षेत्रात ह्याचा भलताच अर्थ आहे. अमेरिकेत ज्युरीसमोर खटले चालतात तिथले वकील ‘स्टीलिंग थंडर’ म्हणतात ते स्वतःच्याच पक्षाची वाईट बाब आपणच आधी सांगून टाकण्याला. माझा अशील पूर्वी शिक्षा भोगून आलाय हे मी आधीच सांगितलं की समोरच्या वकिलाचा बार फुसका. १९९३ मध्ये मानसशास्त्रज्ञांनी नकली ज्युरी बसवून ह्याचे प्रयोग केले आणि आधी सांगितल्याने नुकसान कमी होतं असं दिसलं.

म्हणजे इथे चोरायचं ते दुसऱ्याचं कौतुक नाही, दुसऱ्याचा दारूगोळा. ह्याला मराठीत ‘हवा काढून घेणे’ चपखल.

तळघर
हवा काढून घेणे! हे साखरपुड्यालाही चालतंय बघा. बहिणीच्या कार्यक्रमाची हवाच काढून घेतली त्याने.

मोरपीस
अर्धंच चालतं. हवा काढून घेतली म्हणजे तिची गेली एवढंच. ती ह्याच्या टायरात भरली गेली हे कुठे आलं. ‘भाव खाऊन गेला’त दोन्ही येतं. मी पहिल्या प्रतिसादावर ठाम आहे.

कांदेनवमी
एक गंमत लक्षात आली का कोणाच्या. आपल्याकडचे सगळे शब्द स्वयंपाकघरातले आहेत. भाव *खाल्ला*, श्रेय *लाटलं*, *आयत्या पिठावर* रेघोट्या, कुत्रं *पीठ* खातंय, टाळूवरचं *लोणी*. इंग्रजीत बघाल तर सगळे नाटकातले. थंडर चोरलं, सीन चोरला, अपस्टेज केलं, लाइमलाइट चोरला. ते चोरतात, आपण खातो. आपले नटसुद्धा म्हणतात ना, त्याने माझं वाक्य खाल्लं, माझा लाफ्टर खाल्ला. स्टेजवर उभं राहूनसुद्धा आपण खातोच.

विंगेतून
कांदेनवमी, साष्टांग. आणि अपस्टेज तर आम्ही रोज भोगतो. त्यांची जुनी रंगभूमी मागे उंच आणि पुढे उतरती असायची म्हणून मागचा भाग अप. एखादा नट बोलता बोलता हळूच मागे सरकला की त्याच्याशी बोलणाऱ्याला प्रेक्षकांकडे पाठ करावी लागते, चेहरा दिसतो फक्त मागच्याचा. सपाट स्टेजवर पण चालतं हे. आमच्यात एकजण होता, प्रत्येक तालमीला तीन पावलं मागे. शेवटी दिग्दर्शकाने त्याच्या मागे पिंप ठेवलं.

साबुदाणा
पिंप 😂

काळा कोट
आणि लाइमलाइटमधला लाइम म्हणजे लिंबू नाही बरं का, चुना. कळीचा चुना ऑक्सिजन-हायड्रोजनच्या ज्योतीत तापवला की पांढराशुभ्र उजेड पडतो. १८२० च्या दशकात ड्रमंड नावाच्या इंजिनियरने तो जमीन मोजणीसाठी वापरला, लांबच्या डोंगरावरची खूण दिसावी म्हणून, आणि १८३७ ला तो लंडनच्या कोव्हेंट गार्डन थिएटरात आला.

सातारी ठेचा
म्हंजी ते पण चुनाच लावत्यात. फरक काय मग.

जुनी वही
😄 ह्या वाक्याला वन्समोर.

वन्समोरवरून आठवलं. कोणाचा भाव कोण खाणार ह्याची आपल्या रंगभूमीवरची सगळ्यात मोठी धाकधूक ८ जुलै १९२१ ला होती. मुंबईत संयुक्त मानापमान झालं टिळक स्वराज्य फंडासाठी, भामिनी बालगंधर्व आणि धैर्यधर केशवराव भोसले. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक एका रंगमंचावर. आमच्या आजोबांच्या पिढीत कोण सरस ठरलं ह्यावर भांडणं व्हायची, जेवणं अर्धी टाकून. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत केशवराव गेले, ४ ऑक्टोबरला, वय अवघं एकतीस. मग गंधर्वप्रेमी पण जरा हळू बोलायला लागले म्हणे.

अर्धवटराव नाही
म्हणजे तिथे कोणीच कोणाचा पत्रा नेला नाही.

विंगेतून
‘पत्रा नेला’! अरे मिळाला की प्रतिशब्द! ‘माझा पत्रा नेला त्याने.’

मोरपीस
पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटेल घराचं छप्पर उडालं. पण आवडलाय, वापरणार. भाव खाल्लाच्या खालोखाल.

तळघर
अपडेट. धाग्याची लिंक बहिणीला पाठवली होती. सगळं वाचलं तिने. म्हणाली प्रतिशब्द वगैरे राहू दे, तो अंगठीचा क्लोजअप राहिला तो राहिलाच, अल्बममध्ये त्या जागी दादा पेढा खातानाचा फोटो आलाय, तोही तोंड उघडं. लग्न मार्गशीर्षात आहे. माईक कोणाच्या हातात जाणार ह्यावर घरात आत्तापासून बैठका चालू आहेत.

विंगेतून
कुठे आहे लग्न? पुण्याच्या आसपास असेल तर मी येतो. पत्रा अजून माळ्यावर आहे. बंधू माईककडे वळले की डावीकडून एक लाट सोडतो. हातमोजे तुमचे.